उद्योगधारा : आरंभीची शिल्लक

मार्च महिना संपत आला की परभणीच्या मोंढ्यात, मानवत-सेलूच्या कापूस बाजारात आणि गावोगावच्या पेढ्यांवर एक काम न चुकता होते. गोदामातील माल मोजला जातो. वहीत तुरीची अमुक पोती लिहिलेली आहेत म्हणून ती गोदामातही तितकीच असतील, असे कोणताही जाणता व्यापारी गृहीत धरीत नाही. थप्पी मोजली जाते, ओलीने खराब झालेली पोती वेगळी काढली जातात आणि मगच नव्या वर्षाच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक चढते. हा आकडा चुकला, तर पुढे वर्षभर बेरजा-वजाबाक्या कितीही अचूक केल्या तरी ताळेबंद खोटाच ठरतो. चूक बेरजेत नसते. ती पहिल्या ओळीत असते.

व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली आता अभियांत्रिकीकडे वळली आहेत. कोणी छत्रपती संभाजीनगरला जाऊन संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे शिक्षण घेते, कोणी पुण्यात नोकरी करून अनुभव घेते आणि काही जण आपल्या गावी परतून छोटी कार्यशाळा उभारतात. या कार्यशाळेतही ‘स्टॉक’ हाच शब्द रोज वापरला जातो आणि आश्चर्य असे की, त्याचा अर्थ मोंढ्यातील अर्थापासून फारसा दूर नाही. यंत्रावर कापण्यासाठी ठेवलेला जो कच्चा तुकडा, तो स्टॉक. तो पोलादाचा चौकोनी ठोकळा असेल, गोल सळई असेल किंवा फौंड्रीतून आलेले ओतीव काम असेल. त्यातून नको तेवढा भाग काढून टाकला की हवा तो भाग उरतो.

हे काढून टाकण्याचे काम पूर्वी कारागीर स्वतः चाक फिरवून करीत असे. 1952 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले आणि हाताची जागा हळूहळू आज्ञावलीने घेतली. आज त्या आज्ञा संगणकातील ‘कॅम’ नावाची प्रणाली लिहिते. तयार भागाचा आराखडा तिला दिला की कटर कोठून जाईल, किती खोल कापील, कोठे वर उचलला जाईल, हे ती ठरविते. पण तिला एक प्रश्न विचारावाच लागतो : आरंभी यंत्रावर काय ठेवलेले आहे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे स्टॉक मॉडेल. संगणकाला डोळे नाहीत. जे सांगितले तेच त्याच्या लेखी सत्य.

हिशेबाच्या वहीतील चूक लाल शाईने दुरुस्त करता येते. कापलेला धातू परत जोडता येत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरातील प्राचीन गुंफा-मंदिरे पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. खडकात काम करणाऱ्याचा प्रत्येक घाव कायमचा असतो. वेरूळला तर या कामाची रीतच उघडी पडलेली दिसते. तेथील जैन लेण्यांपैकी 30 क्रमांकाचे ‘छोटा कैलास’ अपुरे राहिले. पूर्ण झालेल्या लेण्यात शिल्प दिसते. अपुऱ्या लेण्यात शिल्पाबरोबर काढावयाचा राहिलेला दगडही दिसतो. शिल्पींचा स्टॉक म्हणजे प्रत्यक्ष डोंगर होता आणि त्याची नस, भेग, उंची जाणल्याशिवाय छिन्नी चालविणे त्यांना परवडणारे नव्हते. आजच्या कार्यशाळेतील तुकडा लहान झाला, पण नियम तोच राहिला.

हा नियम मोडला तर काय होते, हे समजण्यासाठी वाचकांनी एक कल्पित प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे. परभणीच्या एका लहान कार्यशाळेत पाथरीकडील एक शेतकरी मळणीयंत्राच्या बेअरिंगचे ओतीव घर घेऊन आला आहे. जुने घर तडकले. त्याच्याच नमुन्यावरून फौंड्रीतून नवे एकच ओतून आणले आहे. ते बिघडले तर पुन्हा साचा, पुन्हा भट्टी आणि तोवर शेंगा शेतात तडकणार. कार्यशाळा आप्पांची. त्यांची मुलगी कॅमचे शिक्षण घेऊन नुकतीच परतली आहे. तिने तयार भागाचा आराखडा काढला : लांबी 160 मिलिमीटर, उंची 100, जाडी 50. प्रणालीने विचारले, स्टॉक कोणता? समोर आयता पर्याय होता, चौकोनी पेटी. तयार भागाभोवती पेटी आखावी आणि वरच्या बाजूस 2 मिलिमीटर जादा धरावेत. तिने तो स्वीकारला. पडद्यावर सारे नीटनेटके दिसले. कटरचा मार्ग तयार झाला.

यंत्र सुरू करण्यापूर्वी मिस्त्रीकाकांनी ओतीव घरावरून हात फिरविला. त्यांनी आयुष्यभर लेथ चालविला. संगणकाशी त्यांची ओळख जेमतेम. हात एका जागी थांबला. “ताई, हा खुंट तुमच्या पडद्यावर कुठं दिसंना.”

ओततेवेळी साच्यात रस पुरता भरावा म्हणून वर रस साठविण्याची जागा ठेवतात. तिला रायझर म्हणतात. रायझर तोडल्यावर त्याचा थोडा खुंट मागे राहतो. या घरावरचा खुंट तयार पृष्ठभागापासून 12 मिलिमीटर उंच होता. संगणकाच्या हिशेबात मात्र धातू 2 मिलिमीटरवर संपत होता. एका जागेवरून दुसरीकडे जाताना कटर स्टॉकच्या 5 मिलिमीटर वरून जाईल, असे तिने ठरविले होते. म्हणजे तयार पृष्ठभागापासून 7 मिलिमीटर उंचीवरून. संगणकाच्या दृष्टीने तेथे हवा होती, प्रत्यक्षात लोखंड होते. शिवाय ही मोकळी हालचाल मंद नसते. मिनिटाला 20 मीटर वेगाने धावणारा कटर सेकंदाला सुमारे 33 सेंटिमीटर जातो. बटणापर्यंत हात पोहोचण्यापूर्वी टक्कर होऊन जाते. कटर फुटतो, त्याचे तुकडे उडतात, जॉब पकडीतून निसटतो आणि यंत्राचा स्पिंडल दुखावला तर त्याच्या दुरुस्तीत कार्यशाळेची महिन्यांची कमाई जाते. ओतीव घर तर गेलेच.

या प्रसंगात चुकले कोण? आराखडा बरोबर होता, कटर योग्य होता, वेग हिशेबी होता. आरंभीची शिल्लक तेवढी खोटी होती.

खोटी शिल्लक दोन्ही बाजूंनी नुकसान करते. कमी धरली तर टक्कर. जास्त धरली तर वेळेचा अपव्यय. याच ओतीव घराचा विचार केला, तर 160 × 100 × 50 मिलिमीटरची भरीव पेटी 800 घनसेंटिमीटरची होते. बिडाचे वजन घनसेंटिमीटरला साधारण 7.2 ग्रॅम धरले तर ती पेटी 5.76 किलो भरेल. समजा, प्रत्यक्ष ओतीव घर काट्यावर 3.6 किलो भरले, म्हणजे त्यात धातू 500 घनसेंटिमीटर. पेटीतील आठ भागांपैकी तीन भाग नुसती हवा. पण संगणकाला ती धातू वाटते म्हणून तो कटरला तेथेही कापण्याच्या मंद गतीने फिरवीत राहतो. यंत्र गुरगुरते, वीज जळते, मजुरी चढते आणि बुरा पडत नाही. एका नगात हे खपून जाईल. शंभर नगांच्या कामात नफाच त्या हवेत विरतो.

म्हणूनच पेटी आणि गोल सळई यांच्या पलीकडे, हाती असलेल्या तुकड्यासारखाच स्टॉक संगणकात उभा करण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. फ्यूजनमध्ये स्टॉकच्या यादीतच ‘घन आकारावरून’ असा पर्याय आहे. सॉलिडवर्क्स कॅम आणि मास्टरकॅम यांतही पेटीखेरीज स्वतःचा आकार किंवा जाळीरूप फाइल देता येते. फ्रीकॅड ही प्रणाली तर विनामूल्य आहे आणि तिच्यातही चार पर्याय मिळतात : पेटी, दंडगोल, तयार भागाच्या मर्यादा वाढवून केलेली पेटी आणि आधीच काढलेला घन आकार. शिकण्यासाठी पैसा अडसर ठरावा, अशी स्थिती आता उरलेली नाही. खरे श्रम असतात ते मोजण्याचे.

तेव्हा ओतीव घर सरफेस प्लेटवर ठेवावे. व्हर्नियर आणि हाइट गेज घेऊन प्रत्येक बाजूचा सर्वांत उंच बिंदू शोधावा. खुंट, रसाच्या वाटेचे अवशेष, साच्याच्या दोन अर्ध्या जुळतात तेथील शिरा, साच्यातून नमुना सहज निघावा म्हणून ठेवलेला उतार, या साऱ्यांची नोंद कागदावर करावी. मग संगणकातील तयार भागाची एक प्रत काढून तिच्यावर कच्चा माल चढवावा. ज्या पृष्ठभागांवर यंत्रकाम होणार आहे ते मोजलेल्या मापाइतके बाहेर वाढवावेत, जी छिद्रे ओतकामात आलेली नाहीत ती बुजवावीत आणि खुंट असेल तर तोही काढावा. हा झाला स्टॉकचा घन आकार. तो तयार भागाच्या आराखड्यातच, पण वेगळा घन म्हणून, त्याच मूळबिंदूवर राहिला पाहिजे. तयार भाग त्याच्या पोटात कोठे बसतो हे त्यामुळे दिसते.

येथे नवशिके दोन ठिकाणी अडखळतात. पहिले म्हणजे अतिरेकी तपशील. जेथे कटर जाणारच नाही तेथील प्रत्येक गोलाई काढीत बसण्याची गरज नाही. तेथे साधा आकार पुरतो. कटरच्या वाटेवरचा खुंट मात्र सुटता कामा नये. दुसरे म्हणजे मूळबिंदूची निवड. तयार भागाचा कोपरा संगणकात ठळक दिसतो, म्हणून शून्य तेथेच धरण्याचा मोह होतो. पण तो कोपरा आज कच्च्या धातूच्या आत दडलेला आहे. यंत्रावर त्याला स्पर्श कसा करणार? शून्य अशा जागी असावे, जी प्रत्यक्ष तुकड्यावर हाताशी आहे आणि पुन्हा पुन्हा तशीच सापडते.

एकच नग असेल तर एवढ्यावर भागते. तशीच पन्नास ओतीव घरे आली तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वाळूच्या साच्यातून निघालेले दोन नग अगदी सारखे नसतात. एखाद्यात साच्याच्या अर्ध्या किंचित सरकलेल्या असतात, एखादा एका बाजूने जाड असतो. अशा वेळी काही नग मोजून दोन आकार मनात धरावेत. प्रत्येक बाजूचे मोठ्यात मोठे माप घेऊन केलेला कमाल आकार स्टॉक म्हणून द्यावा. तो टक्कर टाळतो. लहानात लहान मापांचा किमान आकार तयार भागाशी ताडून पाहावा. माल सगळीकडे पुरेल की नाही, हे तो सांगतो. एका बाजूस साडेचार मिलिमीटर आणि समोरच्या बाजूस एकच मिलिमीटर धातू उरत असेल, तर तयार भाग पावणेदोन मिलिमीटर सरकवावा. दोन्हीकडे पावणेतीन मिलिमीटर मिळतात. एकीकडची उणीव दुसरीकडच्या वाढीतून भरून काढण्याची ही रीत व्यापारी घरांना नवी नाही.

आकार तयार झाला की तो पडताळण्याचे एक साधन प्रत्येक दुकानात असते : वजनकाटा. संगणक घन आकाराचे आकारमान सांगतो. त्याला धातूच्या घनतेने गुणले की वजन निघते. ते काट्यावरच्या वजनाशी जुळवून पाहावे. कल्पित ओतीव घराचे वजन हिशेबाने 3.5 किलो आणि काट्यावर 3.6 किलो आले, तर समाधान मानण्यास हरकत नाही, कारण बिडाची घनताही थोडी मागेपुढे होते. पण काटा साडेचार दाखवू लागला तर कोठेतरी मोठे माप सुटले आहे, असे समजून पुन्हा मोजावे.

तथापि काट्यालाही मर्यादा आहे आणि ती ओळखणे हीच खरी सावधगिरी. 30 मिलिमीटर व्यासाचा, 9 मिलिमीटर उंचीचा बिडाचा खुंट जेमतेम 46 ग्रॅम भरतो. साडेतीन किलोंच्या हिशेबात तो सहज हरवतो. कटर फोडण्यास मात्र तेवढा पुरतो. वजन जुळले म्हणून आकार जुळला, असे होत नाही. काटा मोठी चूक पकडतो. लहान पण घातक चूक पकडण्यास हाइट गेज आणि मिस्त्रीकाकांची बोटेच लागतात.

ज्याचा आकार हाताने काढणे कठीण, असे वेडेवाकडे ओतीव काम किंवा दगड असेल तर स्कॅनरने त्याचे रूप उचलता येते. संगमरवरी कोरीवकाम करणाऱ्या यंत्रांनाही हा मार्ग उपयोगी पडतो. स्कॅनर असंख्य लहान त्रिकोणांची जाळी देतो आणि ती बहुधा एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये साठविली जाते. या फाइलची एक खोड लक्षात ठेवावी : तिच्यात आकडे असतात, एकक नसते. 160 हा आकडा मिलिमीटरचा की इंचांचा, हे तिला ठाऊक नसते. मिलिमीटरची फाइल इंचांत उघडली गेली तर लांबी 25.4 पट होते आणि आकारमान सोळा हजार पटींहून अधिक फुगते. येथे वजनाचा हिशेब चूक तत्काळ उघडी पाडतो. जाळीला भोक राहिले असेल तर ते बुजवावे, कारण फाटक्या पोत्यात माल किती, हे संगणकालाही सांगता येत नाही. त्रिकोणांची संख्या गरजेपुरती कमी करावी. नाहीतर प्रत्येक हिशेबाला संगणक रेंगाळतो.

यानंतर येते ते काम अगदी खतावणीसारखे आहे. एका बाजूचे यंत्रकाम झाले की जॉब उलटा करून दुसरी बाजू कापली जाते. आता यंत्रावर जे ठेवले आहे, ते मूळ ओतीव घर राहिलेले नाही. पहिल्या कामानंतर उरलेला तुकडा आहे. पहिल्या पानाची अखेरची शिल्लक तीच दुसऱ्या पानाची आरंभीची शिल्लक. ती पुढे ओढावयाची विसरली आणि दुसऱ्या वेळीही जुनाच स्टॉक दिला, तर आधीच निघून गेलेला धातू कापण्यासाठी कटर पुन्हा फिरतो. फ्यूजनमध्ये आधीच्या मांडणीतून उरलेला स्टॉक घेण्याचा पर्याय आहे. मास्टरकॅममध्ये कापून उरलेल्या मालाचे मॉडेल तयार करून ते पुढच्या कामास देता येते. ज्या प्रणालीत अशी सोय हाताशी नसेल, तेथे उरलेला आकार वेगळा घन म्हणून काढून पुढच्या मांडणीस द्यावा.

आणि शेवटी, संगणकातील चित्रफीत हा पुरावा मानू नये. पडद्यावर कटर फिरताना जी टक्कर दिसत नाही, ती केवळ सांगितलेल्या स्टॉकशी होत नाही एवढेच त्याचे तात्पर्य. पकडीचे जबडे, क्लॅम्प, बोल्ट यांचे आकार वेगळे दिले नसतील तर संगणकाच्या जगात ते अस्तित्वातच नसतात. म्हणून पहिला नग एकेक ओळ चालवून, मोकळ्या हालचालीचा वेग पाव करून आणि बटणावर बोट ठेवून कापावा. हा भित्रेपणा समजू नये. यात कारागिरीची अदब आहे.

पुन्हा त्या कल्पित कार्यशाळेत जावे. मिस्त्रीकाकांचे बोलणे ऐकून मुलगी क्षणभर गप्प झाली. मग तिने यंत्र बंद केले आणि हाइट गेज मागविला. काका माप सांगत गेले, ती लिहीत गेली. खुंट संगणकात उभा राहिला, तेव्हा कटरची वाट आपोआप बदलली. आधी खुंट थराथराने उतरला, मग पृष्ठभाग सपाट झाला. काम अर्धा तास उशिरा सुरू झाले, पण संध्याकाळी शेतकरी आपले बेअरिंगचे घर घेऊन पाथरीकडे निघाला. जाताना आप्पांनी मुलीला एवढेच विचारले, “मोजून घेतलंस ना?” ती म्हणाली, “हो आप्पा. आता आधी मोजीन, मग संगणक उघडीन.”

नव्या यंत्रविद्येकडे वळणाऱ्या घरांनी या छोट्या गोष्टीत एक मोठी व्यवस्था पाहावी. संगणक चालविणारे तरुण हात आणि धातू ओळखणारी जुनी बोटे एकमेकांपासून तुटली की कार्यशाळेचे नुकसान ठरलेले. प्रशिक्षणवर्गात प्रणालीची बटणे शिकविली जातात. खुंट कोठे राहतो, कोणत्या फौंड्रीचा माल कोणत्या बाजूने जाड येतो, हे मात्र त्या माणसाजवळ असते, ज्याला संगणक उघडताही येत नाही. त्याच्याजवळचे हे ज्ञान मापाच्या कागदावर उतरवून घेणे आणि तो कागद प्रत्येक कामाच्या फाइलसोबत जपून ठेवणे, एवढी शिस्त लावून घेतली तरी पुष्कळ साधेल. ती विद्या तशीच निघून गेली, तर कोणत्याही प्रणालीत तिचा पर्याय सापडणार नाही.

मोंढ्यातील जुन्या पेढीवर नव्या मुनीमाला पहिल्या दिवशी वही देत नसत. आधी गोदामाची किल्ली देत. माल पाहून ये, मग लिही. संगणकासमोर बसणाऱ्या नव्या पिढीनेही हाच क्रम पाळावा.